गाडीत काय राहिलं, काय उतरलं

आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराला आतून वजनकाट्याची एक पावती चिकटवलेली आहे. पुढचा ॲक्सल (म्हणजे पुढच्या चाकांचा आस) १,२५० किलो, मागचा १,७४०, एकूण २,९९०. कंपनीने या गाडीला घालून दिलेली कमाल मर्यादा २,८५० आहे आणि मागच्या ॲक्सलची वेगळी १,६५०. तीन वर्षांपूर्वी मुक्कामाच्या भटकंतीसाठी सगळी हौस बसवून, टाकी भरून, आम्ही दोघं आत बसून काट्यावर चढलो तेव्हाचे हे आकडे. नवऱ्याने पावती वाचली आणि मला म्हणाला, "काटा बिघडलाय." काटा बिघडलेला नव्हता.

पेशाने मी हिशेब बघणारी. त्यामुळे गाडीवर बसवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वहीत आहे आणि वस्तू टांगून तोलायचा ताणकाटाही घरात आहे. गेल्या तीन वर्षांत आणि साधारण ४५ हजार किलोमीटरमध्ये वाळू, चिखल, दगड आणि पन्हाळी पत्र्यासारखे लाटालाटांचे कच्चे रस्ते असं सगळं झालं. काय कामाला आलं, काय ओझं ठरलं, ते लिहिते आहे. गाडी सात वर्षं जुनी डिझेल, फोर बाय फोर, लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) असलेली, चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग. ब्रँडची नावं घालत नाही. दोन-दोन कंपन्यांच्या वस्तू वापरून तुलना केलेली नाही, आणि एकीच्याच जिवावर निकाल देणं बरं नव्हे.

आधी हिशेब. गाडी रिकामी २,१५० किलो. मर्यादेपर्यंत ७०० किलोंची जागा. ऐकायला भरपूर. त्यातून आम्ही दोघं १३३ किलो वजा. उरले ५६७. पुढचा लोखंडी बंपर ५५, दोन्ही बाजूंचे दगडापासून वाचवणारे लोखंडी नळ ४६, छतावरचा तंबू ६२, तो ज्यावर बसतो ते कॅरियर ३१, मागचे ड्रॉवर ६८, जादा स्टेपनी ३४, ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. इथेच ३७६ झाले, आणि अजून बॅटरी, फ्रिज, हत्यारं, कपडे, खुर्च्या, चूल काही धरलेलं नाही. दुकानात प्रत्येक वस्तू "अगदी हलकी" असते. सगळ्या हलक्या वस्तू एकत्र आल्या की घोडं ओझ्यानं मरतं.

छतावरच्या तंबूपासून सुरुवात करते, कारण आम्हीही तिथूनच केली होती. आधी कळस मग पाया म्हणतात, तो शब्दशः. दोन मिनिटांत उघडतो, गादी आतच असते, जमीन ओली असली तरी झोप कोरडी. हे सगळं खरं आहे आणि पहिल्या पाच रात्री मी त्याचं कौतुक करताना थकत नव्हते. सहाव्या रात्री पहाटे तीनला शिडी उतरून खाली जावं लागलं. पण खरी अडचण झोपेची नव्हतीच. गाडीच्या माहितीपुस्तकात छताची मर्यादा ८० किलो लिहिलेली आहे, तीही चालत्या गाडीची, कॅरियर धरून. तंबू आणि कॅरियर मिळून ९३. उभ्या गाडीवर दोन माणसं झोपली तर छत ते सहन करतं, कारण तेव्हा भार नुसता खाली दाबतो. चालत्या गाडीत तेच वजन प्रत्येक खड्ड्यात आपटतं आणि प्रत्येक वळणावर बाहेर ओढतं. तिरक्या उतारावरून एकदा गाडी आडवी नेताना माझ्या बाजूची चाकं हलकी झाल्याचं मला सीटमध्ये जाणवलं. नवऱ्याला जाणवलं नाही म्हणे. त्याची बाजू वरची नव्हती.

तंबू विकला, कॅरियरही काढलं. आता जमिनीवर लावायचा ९ किलोंचा तंबू आहे. लावायला बारा मिनिटं लागतात आणि त्या बारा मिनिटांत आमचं थोडं भांडण होतं. मोकळ्या रस्त्यावर डिझेल जाणवण्याइतकं कमी लागतं, हा वरचा फायदा. रोज मुक्काम हलवणारे, अंगाने हलके आणि छताची मर्यादा जास्त असलेली गाडी बाळगणारे असाल तर छतावरचा तंबू चांगला. आमच्यासाठी नाही.

ड्रॉवर भावाने आणि मी मिळून केले होते, १८ मिलिमीटरच्या प्लायचे. दिसायला देखणे. त्यांच्यावर माझा जीव होता म्हणून ते काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दोष एवढाच की ६८ किलो हे रिकाम्याचं वजन, आणि ड्रॉवर मोकळा दिसला की माणूस तो भरतो. लाटांच्या रस्त्यावर त्यांची खडखड इतकी की शेवटी आम्ही फटींत जुने मोजे कोंबले. आता झाकणाचे चार प्लास्टिकचे डबे, पट्टे, आणि सीटमागे पक्की जाळी. सगळं मिळून १२ किलो. जाळी मात्र कुणीही टाळू नये. टक्कर झाली तर सुटलेला दहा किलोंचा डबा काही क्षण दोनशे किलोंचा होऊन पुढे येतो. पट्टेसुद्धा चेसिसला बोल्टने धरलेल्या कड्यांनाच लावायचे. प्लास्टिकच्या हुकांना नाही, ते पिशव्या अडकवायला असतात.

जादा स्टेपनीचा हिशेब मी ताणकाट्यावर नाही, कागदावर केला आणि मग काढली. मागच्या दारावर, मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे ती लटकत होती. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर २.८ मीटर. म्हणजे तरफेच्या नियमाने ३४ किलोंचं चाक मागच्या ॲक्सलवर जवळजवळ ४९ किलोंनी बसतं आणि पुढचा ॲक्सल १५ किलोंनी उचलतं. म्हणूनच तर आमचं एकूण वजन १४० ने जास्त आणि शिवाय मागचा ॲक्सल ९० ने जास्त, तर पुढचा मात्र मजेत होता. जड वस्तू दोन ॲक्सलच्या मध्ये, जितकी खाली ठेवता येईल तितकी ठेवायची. पाण्याची टाकी आता मागच्या सीटच्या पायाशी आहे आणि त्यात ५० लिटरच भरतो.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त खूश आहे ते: टायर, आणि टायरमधली हवा. टायर आधी.

मूळ टायर २६५/६५/१७ होते, गुळगुळीत रस्त्याचे. त्यांच्या जागी २६५/७०/१७, ऑल टेरेन, जड कामाच्या बांधणीचे, ज्यांची बाजूची भिंत तीन थरांची असते. नक्षीकडे सगळे बघतात. मी म्हणेन भिंतीकडे बघा. आमचे जुने दोन टायर गेले ते भिंत फाटूनच, आणि भिंतीतली फट दोरी कोंबून दुरुस्त होत नाही. मधल्या तळव्यात खिळा शिरला तर होते. त्या दोरीच्या किटने मी स्वतः तीन वेळा पंक्चर काढलं आहे, चाक न खोलता. किटमधली टोच आत घुसवायला अंगात जोर लागतो, एवढं मनात धरून ठेवा. पहिल्यांदा मला वाटलं मीच टायर फाडते आहे.

नव्या टायरचा व्यास साधारण ८०३ मिलिमीटर, जुन्याचा ७७६. फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. वेगाचा काटा तेवढ्याने कमी दाखवतो, किलोमीटरही तेवढे कमी मोजले जातात आणि मायलेज काढताना माणूस उगाच दुःखी होतो. डिफच्या, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या, खाली जागा वाढली १३ मिलिमीटर. अंगठ्याच्या नखाएवढी. हसू नका, कारण ५० मिलिमीटर उंच करणारी स्प्रिंग बसवली तरी डिफ एका मिलिमीटरनेही वर जात नाही. ती फक्त बॉडी उचलते. ॲक्सल चाकाच्या मधोमधच राहणार, त्याला वर नेतं ते मोठं चाकच. हे मला गॅरेजमध्ये कुणी सांगितलं नाही, एका दगडाने सांगितलं.

मातीचे खोल खाचे असलेले मड टेरेन घेतले नाहीत. चिखलात ते खरोखर श्रेष्ठ, पण आमच्या ४५ हजारांपैकी तीस हजार तरी डांबरावर गेले. दर टायरमागे पाचेक किलो वजन ऑल टेरेननेच वाढवलं आहे, आणि चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं असतं. ते सामानासारखं गाडीत निवांत बसून राहत नाही, शॉकअपला ते प्रत्येक खड्ड्यात आवरावं लागतं.

आता हवा. वाळूत आम्ही पहिल्यांदा रुतलो तेव्हा टायरमध्ये ३० पीएसआय होती. तासभर फावड्याने उकरलं, चाकांखाली घालायच्या दातेरी प्लास्टिकच्या मॅट सारल्या, मी ॲक्सिलरेटर जास्त दाबला आणि फिरत्या चाकाने मॅटचे दात वितळवून टाकले. प्लास्टिक जळल्याचा वास अजून नाकात आहे. मग बाजूने जाणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाडी थांबवली, खिशातला गेज काढला, चारही टायरची हवा १६ वर आणली आणि म्हणाले, "आता हळूच मागे घ्या, ताई." गाडी अशी निघाली जसं काही झालंच नव्हतं. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो; रुंदीत फार नाही, लांबीत. वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि वाळू खोदली जात नाही.

तेव्हापासूनची आमची वही: डांबरावर भरलेल्या गाडीला ३८, दगडगोट्यांच्या कच्च्या रस्त्यावर २६ ते २८, वाळूत १८, रुतलो तर १६. त्याखाली सहसा जात नाही, कारण अचानक वळलं तर टायर रिमवरून निसटतो. हवा कमी म्हणजे वेगही कमी, ही अट त्यातच आली. मऊ टायर वेगात पळवला तर तापून भिंतीतूनच फुटतो. आपली हवा बरोबर आहे का हे ओळखायची जुनी खूण अशी: थंड टायरमध्ये जेवढी होती त्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीनंतर चारएक पीएसआय वाढली तर ठीक. त्याहून बरीच वाढली तर टायर जास्त वाकतो आहे, म्हणजे हवा कमी आहे किंवा तुम्ही घाईत आहात. आमच्या बाबतीत बहुतेक दुसरं.

हवा काढली की परत भरावी लागते आणि इथे मी दोनदा पैसे घातले. पहिला कंप्रेसर लाइटरच्या सॉकेटला लागणारा, हातात मावणारा. एका टायरला पाच मिनिटांच्या वर, दुसऱ्या टायरनंतर इतका गरम की थांबावं लागायचं, आणि एका संध्याकाळी सॉकेटचा १५ अँपिअरचा फ्यूज उडाला. आता आहे तो थेट बॅटरीला चिमटे लावून चालतो, ३० अँपिअरच्या आसपास ओढतो, टायरमागे दोन मिनिटं. इंजिन सुरू ठेवून चालवायचा. वजन ७ किलो. तीन वर्षांत एकदाही नडला नाही. हवा उतरवायला वॉल्व्ह काढून घेणारं एक पितळी यंत्र आहे, गेजसकट, मुठीत मावतं. गाडीवरच्या सगळ्या खर्चात मी पैकीच्या पैकी गुण देईन ते या दोन वस्तूंना आणि फावड्याला. फावड्याची दांडी लांब हवी. गाडीखालून माती ओढायची असते, खड्डा खणायचा नसतो.

वायरिंगचं काम ज्या गॅरेजने केलं त्याचं नाव घेत नाही. बंपर आणि सस्पेन्शन त्यांनी छान बसवलं होतं, प्रत्येक बोल्टवर रंगाची खूण होती. वायरिंग मात्र एका पोराच्या हाती दिलं. दुसरी बॅटरी मागे, ती साध्या रिलेने पुढच्या बॅटरीला जोडलेली, वायर ६ चौरस मिलिमीटरची. फ्रिज रोज पहाटे बंद. मी गॅरेजला विचारलं तर म्हणाले, "मॅडम, फ्रिजच खराब आहे." भाऊ आला, त्याने मीटर लावला. दिवसभर गाडी चालवूनही मागची बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर जात नव्हती. आमच्या गाडीचा आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, स्मार्ट जातीचा. पुढची बॅटरी भरत आली की तो व्होल्टेज खाली आणतो, इंधन वाचवायला. मागच्या शिशाच्या बॅटरीला पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात, ते तिला कधी मिळतच नव्हते. त्यात वायर बारीक. "ताई, नळी करंगळीएवढी असेल तर टाकी कशी भरेल?" भाऊ म्हणाला आणि त्याने हिशेब मांडला: जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याची वायर, २५ अँपिअर, ६ चौरस मिलिमीटरमध्ये पाऊण व्होल्ट वाटेतच संपतो, १६ मध्ये पाव व्होल्टच्या थोडा वर.

पण खरी भीती दुसरीच निघाली. त्या वायरला पुढच्या बॅटरीपाशी फ्यूजच नव्हता, आणि इंजिनच्या मागच्या पत्र्यातून ती जिथे आत जात होती तिथे रबर नव्हतं. वायरचं आवरण अर्धं घासलेलं. अजून हजार-दोन हजार किलोमीटर आणि तांबं पत्र्याला लागलं असतं; फ्यूज नाही म्हणजे वायर लाल होऊन पेटणार. तुम्ही कुणाकडूनही काम करून घ्या, पण गाडी ताब्यात घेताना एवढं तरी बघा: बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज आहे का, दोन्ही बॅटऱ्यांकडे आहे का, पत्र्यातून वायर जाते तिथे रबर आहे का. मी गॅरेजला फोटो पाठवले. त्यांनी पैसे परत दिले नाहीत, पण वाद न घालता सगळी वायर मोफत नवी घातली, आणि दुसऱ्या वेळी मालक स्वतः खाली झोपून काम करत होता. त्यामुळे त्यांना पूर्ण नापास करत नाही.

आता मध्ये डीसी-डीसी चार्जर आहे, २५ अँपिअरचा. आल्टरनेटर काहीही देवो, तो मागच्या बॅटरीला हवं ते व्होल्टेज करून देतो. शिशाच्या बॅटरीच्या जागी लिथियम, १०० अँपिअर-तासांची, २९ किलोंच्या ऐवजी १२. शिशाची निम्म्याच्या खाली रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, लिथियमची जवळजवळ सगळी वापरता येते. म्हणजे वजन निम्म्याहून कमी आणि कामाची वीज दुपटीच्या आसपास. दोन पथ्यं: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही आणि इंजिनच्या उष्णतेत ठेवायची नाही. आमचा ४० लिटरचा फ्रिज दिवसाला ३० अँपिअर-तासांच्या आसपास घेतो, उन्हात थोडे जास्त. दोन दिवस एका जागी राहिलो तरी चिंता नाही. तिसऱ्या दिवसासाठी घडीचं सोलर पॅनल आहे, पण गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात हे जमवायला लांब वायर लागते. ती घ्यायला आम्ही अर्थातच विसरलो होतो.

फ्रिजबद्दल नवऱ्याचं मत: गाडीतली सगळ्यात चांगली वस्तू. माझं मत: चांगली आहे, पण २२ किलो रिकामा.

सस्पेन्शन आम्ही दोनदा घेतलं आणि चूक पूर्ण आमची होती. स्प्रिंग निवडताना गॅरेजने विचारलं, कायम किती वजन असणार? तेव्हा गाडी लादलेली होती, म्हणून मागे कायम ३०० किलो जादा धरून कडक स्प्रिंग घेतल्या. मग वर लिहिलंय तसं सामान उतरवत गेलो आणि गाडी बैलगाडीसारखी आदळायला लागली. कडक स्प्रिंगला दाबायला ओझंच उरलं नव्हतं. सहा महिन्यांनी एक पायरी मऊ स्प्रिंग घातल्या. तेव्हा स्प्रिंग सगळ्यात शेवटी घ्या, काट्यावर जाऊन आल्यावर. शॉकअप मात्र चांगले असू द्या. लाटांच्या रस्त्यावर दीड तासाने मी मागच्या शॉकअपला हात लावायला गेले आणि चटका बसला. आतलं तेल तापून फेसाळलं की शॉकअप नुसता नळ उरतो आणि गाडी मागून नाचायला लागते. त्यावर उपाय हवा कमी करणं, वेग उतरवणं आणि मधूनमधून थांबणं. गाडी उंच केल्यावर व्हील अलाइनमेंट लागतेच. आणि दिव्यांचा झोतही खाली घ्या. समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला डिपर का देतो हे कळायला आम्हाला आठवडा लागला. बाकी तुमच्याकडे गाडीची उंची बदलायला परवानगी काय लागते आणि विमा कंपनीला काय कळवायचं, ते आधी विचारा.

रुतलेली गाडी काढायच्या सामानात मी कंजुषी केली नाही. मागे-पुढे चेसिसला बोल्टने बसवलेली, भाराचा आकडा कोरलेली कडी. कंपनीतून येणारी पातळ कडी गाडी वाहतुकीत बांधून ठेवण्यासाठी असू शकतात, ओढण्यासाठी नव्हे. आमच्या गाडीची तशीच होती. आणि ट्रेलर जोडायचा गोळा तर कधीच नाही. ताणलेल्या दोरीच्या टोकाला तुटलेला तो गोळा तोफेसारखा सुटतो. त्याने माणसं मेलेली आहेत. ताणणारी दोरी नऊ मीटरची आहे, झटक्यात ती लांबीच्या वीस-तीस टक्के ताणते आणि मग रबरासारखी ओढते. तिची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी. दोरी अडकवायच्या लोखंडी शॅकलऐवजी आम्ही धाग्याच्या मऊ शॅकल वापरतो. पकड तेवढीच, आणि सुटली तरी डोक्यात लोखंड येत नाही. दोरी ताणली असताना मी नवऱ्यालाही दोरीच्या दीडपट लांब उभं करते. तो कुरकुरतो.

विंच, म्हणजे दोरी गुंडाळून गाडी ओढणारी विजेची मोटर, घेतला नाही. पुढच्या टोकाला तीस-चाळीस किलो, पूर्ण जोर लावताना चारशे अँपिअरच्या वर ओढणारा, आणि डब्यावर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या, सगळ्यात आतल्या थराची असते. दोरी जितकी गुंडाळलेली तितका जोर कमी. आम्ही जवळजवळ नेहमी भावाच्या गाडीबरोबर जातो. एकटे जात असतो तर घेतला असता, वाद नाही.

स्नॉर्कल (इंजिनाला हवा उंचावरून देणारी नळी): आहे, बरा आहे, धूळ थोडी कमी ओढतो. त्याने गाडीची होडी होत नाही. त्यापेक्षा कितीतरी स्वस्तात डिफ आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या (आतल्या हवेला ये-जा करू देणाऱ्या) नळ्या वर बोनेटपर्यंत नेल्या, ते काम मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तापलेला डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. पहिल्या वर्षी डिफचं तेल काढलं तेव्हा ते दुधाळ निघालं होतं. नळ्या वर गेल्यापासून तेल तेलासारखं निघतं.

छतावरची लांब दिव्यांची पट्टी: काढली. धुळीत समोर पांढरी भिंत उभी राहते आणि बोनेट चमकतं.

बाजूचे लोखंडी नळ ४६ किलोंचे आहेत आणि तरी ठेवले, कारण त्यांच्यावर जेवढे ओरखडे आहेत तेवढे दारांवर असते. पुढच्या बंपरवर आमचं एकमत नाही. मूळ बंपरपेक्षा चढाला नाक कमी टेकतं हे मला मान्य; ५५ किलोंना टेकतं का, हा माझा प्रश्न.

मागच्या महिन्यात पुन्हा काट्यावर गेलो. तंबू-कॅरियर, ड्रॉवर, जादा स्टेपनी, जुनी बॅटरी, २० लिटरचे दोन कॅन, तीस लिटर पाणी, हत्यारांतली जी तीन वर्षांत हातात घेतली नाहीत ती, आणि किडुकमिडुक. पुढे १,२००, मागे १,४९०, एकूण २,६९०. बरोबर तीनशे किलो उतरले आणि मर्यादेखाली १६० शिल्लक. ही पावती जुनीच्या शेजारी चिकटवली आहे.

नवऱ्याला आता गाडीच्या बाजूला लावायचा, उघडून सावली करणारा पडदा हवा आहे. एका ओळखीच्याकडून बघायला घरी आणला. मी ताणकाट्याला लावला, १४ किलो. म्हटलं, जागा आहे, पण नियम तोच: काही आलं तर तेवढंच उतरायला हवं, काय काढायचं ते तू सांग. त्याने यादी घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, डब्यांमध्ये डोकावला, फ्रिजकडे बघितलं आणि नजर फिरवली. मग म्हणाला, "तुझी वही आणि हा काटा. दोन्ही मिळून सव्वा किलो असेल."

तोलून पाहिलं. सव्वाच आहे. पावणेतेरा किलो अजून शोधायचे आहेत.